तक्त्यावर मांडलेला जगाचा शेवट

नगरला उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात मांडव घालून सभा व्हायच्या. मी सातवी-आठवीत असेन. त्या वर्षी बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकांनी दोन खांबांच्या मधे कापडाचा लांबलचक तक्ता बांधला. डाव्या टोकाला एदेन बाग, उजव्या टोकाला नवे यरुशलेम, मधे सात कमानी. सहावी कमान संपते तिथून एक बाण सरळ आकाशात गेलेला. विश्वासणाऱ्यांना उचलून घेतले जाण्याचा तो क्षण. त्याच्यापुढे लाल रंगात सात वर्षांचे महासंकट, त्यात ख्रिस्तविरोधकाचे राज्य आणि शेवटी हर्मगिदोनाची लढाई. प्रचारकांनी वेताची काठी बाणाच्या मुळाशी टेकवली आणि म्हणाले, "आपण इथं आहोत." मांडवात कुणी खोकलंसुद्धा नाही.

मला त्या रात्री झोप लागेना. आजीला उठवून विचारलं, उद्या सकाळी तू नसलीस तर? ती म्हणाली, "तो दिवस बापाशिवाय कुणालाच ठाऊक नाही असं प्रभूनंच सांगितलंय. झोप आता. पहाटे नळाला पाणी येतं."

आजी गेली त्यालाही आता बरीच वर्षे झाली. तो तक्ता मात्र मला पुन:पुन्हा भेटत राहिला, आणि तोही अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाच्या बातम्यांमध्ये. जगाच्या शेवटाबद्दल कुणी काय मानावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मी ख्रिस्ती आहे, प्रभूच्या पुनरागमनावर माझा विश्वास आहे आणि उपासनेत मी तो मोठ्याने म्हणते. माझे भांडण वेळापत्रकाशी आहे. शेवटाचे वेळापत्रक एकदा तयार झाले, त्यात खऱ्या गावांची नावे आणि खऱ्या देशांच्या भूमिका भरल्या गेल्या, आणि ते उराशी धरणारी माणसे जगातल्या सर्वांत बलाढ्य सरकारच्या कानाशी बसू लागली, की तडजोड पाप वाटू लागते आणि शांतता म्हणजे सैतानाचा डाव वाटू लागतो. गेली जवळजवळ पन्नास वर्षे हे घडते आहे, आणि त्याची किंमत मोजणारे लोक दुसरेच आहेत.

हा तक्ता पवित्र शास्त्राइतकाच जुना असेल असे मांडवात सगळ्यांनाच वाटले असणार. प्रत्यक्षात तो जेमतेम दोनशे वर्षांचा आहे. जॉन नेल्सन डार्बी हा वकिलीचे शिक्षण घेतलेला, मग आयर्लंडात अँग्लिकन पाळक झालेला आणि पुढे ते चर्चही सोडलेला माणूस. १८३० च्या दशकात त्याने मांडले की देवाने इतिहासाचे काळखंड पाडले आहेत. मंडळीसाठी त्याची एक योजना आहे, इस्राएलसाठी दुसरी. मंडळी आधी वर उचलली जाईल आणि मग इस्राएलचे थांबलेले घड्याळ पुन्हा चालू होईल. डार्बी अमेरिकेत अनेकदा गेला आणि तिथे हे बी रुजले. त्याला खत घातले सायरस स्कोफील्ड यांच्या टिपांनी. १९०९ साली ऑक्सफर्डच्या छापखान्याने त्यांचे टीपांसह बायबल काढले. वर वचन आणि त्याच पानावर खाली स्कोफील्ड यांची टीप. देवाचे शब्द कुठे संपले आणि माणसाचे कुठे सुरू झाले, हे घरी बसून वाचणाऱ्या साध्या माणसाला कळेनासे झाले. बायबलातल्या यहेज्केल या पुस्तकाच्या ३८ व्या अध्यायात गोग नावाचा राजा उत्तरेकडून इस्राएलवर चालून येतो, 'मेशेख' आणि 'तुबाल' यांचा तो अधिपती. स्कोफील्ड यांनी खाली लिहिले की ही मॉस्को आणि तोबोल्स्क. नावे कानाला सारखी लागतात, एवढाच काय तो आधार. पुढे रशियात क्रांती झाली, शीतयुद्ध आले, आणि ती टीप भविष्यवाणीसारखी वाचली जाऊ लागली.

त्याआधीच ही कल्पना व्हाइट हाउसच्या दारात पोचली होती. शिकागोचे विल्यम ब्लॅकस्टोन हे जमिनीच्या व्यवहारात पैसा कमावलेले आणि पुनरागमनाच्या विचाराने झपाटलेले गृहस्थ. १८९१ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांना एक अर्ज दिला: रशियात छळल्या जाणाऱ्या ज्यूंना पॅलेस्टाइन परत मिळावे म्हणून अमेरिकेने पुढाकार घ्यावा. खाली ४१३ सह्या होत्या. त्यांत उद्योगपती जॉन रॉकफेलर होते, बँकर जे. पी. मॉर्गन होते, सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीशही होते. ज्यूंना स्वतःची मायभूमी मिळावी म्हणून थिओडोर हर्झल यांनी बोलावलेली पहिली झायनिस्ट परिषद बाझलला भरली ती १८९७ साली, म्हणजे त्यानंतर सहा वर्षांनी. सह्या करणाऱ्यांत कुणाला छळ झालेल्या माणसांची कणव होती, कुणाला भविष्य पुरे होताना पाहायचे होते. या दोन गोष्टींची गाठ तेव्हापासून जी बसली आहे ती आजही सोडवता येत नाही.

आता आमच्या नगरची एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती याच अमेरिकेची आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ पासून मुंबईत होते. १८२७ साली त्यांच्याकडे सिंथिया फरार नावाची एक अविवाहित शिक्षिका आली. पुढे ती नगरला गेली, मुलींसाठी शाळा चालवत राहिली आणि नगरलाच वारली. तिच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्याला ठाऊक आहे. फरारबाईंना पाठवणाऱ्या त्या बॉस्टनच्या मंडळींचाही जगाच्या शेवटावर विश्वास होता आणि तो पक्का होता. फरक क्रमात होता. जगात आधी सुवार्ता, शिक्षण आणि न्याय पसरेल, हजार वर्षांचे सुखाचे राज्य उभे राहील आणि मग प्रभू येईल, असे ते मानत. म्हणजे प्रभू यायचा तर मुलींना वाचता यायला हवे, गुलाम मोकळे व्हायला हवेत. डार्बीच्या तक्त्यात हा क्रम उलटला. जग बिघडतच जाणार, प्रभू येईल तो सर्वनाशाच्या टोकाला. यादवी युद्ध आणि मग पहिले महायुद्ध पाहिलेल्या अमेरिकेला हे जास्त खरे वाटले असेल तर नवल नाही. पण एकाच पुस्तकातून, एकाच प्रभूवरच्या श्रद्धेतून, एका क्रमाने शाळा उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या क्रमाने माणसे युद्धाच्या बातम्यांत आशा शोधू लागली. शेवटाबद्दल आपण काय मानतो ते मंगळवारी सकाळी आपण काय करतो यावर असे उतरते.

१९४८ साली इस्राएलची घोषणा झाली आणि ११ मिनिटांत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी मान्यता दिली. ट्रुमन बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे होते, बायबल त्यांच्या चांगल्या परिचयाचे होते. पण परराष्ट्रमंत्री मार्शल यांच्या विरोधाला न जुमानता त्यांनी हे केले त्यामागे निर्वासितांचा प्रश्न, निवडणूक आणि रशियाशी स्पर्धा हेही होते. सगळे काही धर्मामुळे झाले असे म्हणणे सोपे आहे आणि चूक आहे. तक्ता मानणाऱ्यांनी मात्र या बातमीवर बोट ठेवले: घड्याळ चालू झाले. १९६७ मध्ये जुने यरुशलेम इस्राएलच्या ताब्यात आल्यावर तर शंका उरली नाही. ज्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या राजकारण म्हणजे जगाची घाण म्हणून अंग राखले होते तेच आता वर्तमानपत्र आणि बायबलातले शेवटचे पुस्तक प्रकटीकरण शेजारी-शेजारी ठेवून वाचू लागले.

वळण आले ते राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या वेळी, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटते. कार्टर स्वतः 'नव्याने जन्मलेले', म्हणजे श्रद्धेने आयुष्य नव्याने सुरू केलेले बाप्टिस्ट, आयुष्यभर संडे स्कूल शिकवणारे. १९७७ मध्ये त्यांनी पॅलेस्टिनी लोकांना मायभूमी हवी असे उघड म्हटले आणि १९७८ मध्ये इस्राएलचे पंतप्रधान बेगिन व इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात यांना कॅम्प डेव्हिडला १३ दिवस बसवून करार घडवला. इजिप्त आणि इस्राएल पुन्हा लढले नाहीत. 'शांती करणारे ते धन्य' या वचनाला इतके जागलेला दुसरा राष्ट्राध्यक्ष मला सांगता येत नाही. आणि १९८० मध्ये त्यांच्याच श्रद्धेच्या लोकांनी मोठ्या संख्येने त्यांच्याकडे पाठ फिरवली. गर्भपात, शाळांतली प्रार्थना, महागाई अशी कारणे बरीच होती. पण १९७९ साली 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना काढणाऱ्या पास्टर जेरी फॉलवेल यांच्यासाठी इस्राएलला पाठिंबा ही श्रद्धेची कसोटी होती, आणि बेगिन यांनी ते अचूक ओळखले. अमेरिकेतले ज्यू मतदार थोडे, बहुतेक उदारमतवादी, आणि पॅलेस्टिनी जमिनीवरच्या इस्राएली वसाहतींबद्दल प्रश्न विचारणारे. इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलवर आणि नव्याने जन्मण्यावर भर देणारे प्रोटेस्टंट, कोट्यवधी, आणि प्रश्न न विचारणारे. १९८० मध्ये फॉलवेल यांना झायनिस्ट नेते जाबोटिन्स्की यांच्या नावाचे पदक देण्यात आले.

कार्टर यांना हरवून राष्ट्राध्यक्ष झालेल्या रेगन यांची गोष्ट थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. आपली पिढी हर्मगिदोन पाहील असे ते अनेकदा बोलून गेले होते. २१ ऑक्टोबर १९८४ च्या निवडणुकीच्या जाहीर चर्चेत, देशासमोर, त्यांना विचारले गेले की अणुयुद्धाच्या धोरणात याचा काही भाग आहे का. अण्वस्त्रांच्या बटणाचा ताबा असलेल्या माणसाला हा प्रश्न विचारावा लागला! ते म्हणाले, भविष्यवाण्यांबद्दल बोलणे झाले आहे, पण हर्मगिदोन हजार वर्षांनी की परवा हे कुणाला ठाऊक नाही, आणि त्यानुसार योजना आखण्याचा विचार आपण केलेला नाही. तीन वर्षांनी त्याच रेगन यांनी सोव्हिएत रशियाचे नेते गोर्बाचेव्ह यांच्यासोबत मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे मोडीत काढणाऱ्या करारावर सही केली. गोगशी करार! म्हणजे श्रद्धा माणसाला बांधून टाकतेच असे नाही. रेगन यांच्या तोंडी त्या दिवशी माझ्या आजीचेच उत्तर आले होते आणि जगाचे त्यात भले झाले. त्यांच्यानंतर हे उत्तर देण्याची गरज वाटणारे कमी होत गेले.

याचे कारण मतांत आहे. टेक्सासातल्या सॅन अँटोनिओचे पास्टर जॉन हेगी यांनी २००६ मध्ये 'ख्रिश्चन्स युनायटेड फॉर इस्राएल' काढली. आपले एक कोटीहून जास्त सभासद आहेत असे ती सांगते. दर वर्षी तिचे लोक वॉशिंग्टनला जमतात, खासदारांच्या दालनांत जातात, विधेयकांची नावे घेऊन बोलतात. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२२ च्या पाहणीत ३९ टक्के अमेरिकन प्रौढांनी आपण शेवटच्या काळात जगत आहोत असे सांगितले. इव्हँजेलिकलांत हे प्रमाण ६३ टक्के होते. गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी दहातले आठ जण गेल्या काही निवडणुकांत एकाच, म्हणजे रिपब्लिकन पक्षाला मत देत आले आहेत. त्या पक्षाच्या उमेदवाराला या तक्त्यावर विश्वास ठेवायचीही गरज नाही. त्याला फक्त बेरीज यावी लागते. ऑगस्ट २०२० मध्ये विस्कॉन्सिनच्या सभेत डोनाल्ड ट्रम्प यांनी हे लपवलेही नाही: राजधानी यरुशलेमला नेली, ती इव्हँजेलिकलांसाठी, असे ते म्हणाले.

१४ मे २०१८ ला अमेरिकेने आपला दूतावास यरुशलेमात उघडला, तो सोहळा आठवा. इस्राएलच्या स्थापनेला त्या दिवशी ७० वर्षे झाली होती. सुरुवातीची प्रार्थना डॅलसचे पास्टर रॉबर्ट जेफ्रेस यांनी केली. ज्यू, मुसलमान आणि मॉर्मन यांना तारण नाही असे हेच पूर्वी सांगत आले होते. शेवटची प्रार्थना हेगी यांची. हिटलर हा ज्यूंना त्यांच्या भूमीकडे हाकलणारा 'शिकारी' होता, देवाच्या योजनेतला, असे त्यांनी एका प्रवचनात म्हटले होते. ते २००८ मध्ये उघड झाल्यावर रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांनी त्यांचा पाठिंबा नाकारला होता. दहा वर्षांत तोच माणूस अमेरिकी राज्याच्या वतीने यरुशलेमात आशीर्वाद देत उभा होता. त्याच दुपारी गाझाच्या कुंपणापाशी सुमारे ६० पॅलेस्टिनी गोळ्यांनी मेले. टीव्हीच्या पडद्याचे दोन भाग केले होते, एका बाजूला डोळे मिटून हात उंचावलेले लोक आणि दुसऱ्या बाजूला जळत्या टायरांचा धूर.

हेगी आणि त्यांच्यासारखे म्हणतात की आम्ही हे वेळापत्रकासाठी करत नाही, अब्राहामाला दिलेल्या वचनासाठी करतो: तुला आशीर्वाद देतील त्यांना मी आशीर्वाद देईन. उत्पत्तीचा १२ वा अध्याय. मी हे प्रामाणिक मानते. बहुतेक साध्या विश्वासणाऱ्यांच्या मनात हर्मगिदोनपेक्षा हेच असते, आणि शेकडो वर्षांच्या ख्रिस्ती ज्यूद्वेषाचे प्रायश्चित्तही असते. पण ते वचन आजच्या एका सरकारला, त्याच्या प्रत्येक बॉम्बला आणि प्रत्येक वसाहतीला लागू होते हे कुणी ठरवले? जून २०२५ मध्ये, इराणवर हल्ल्याची चर्चा चालू असताना, सिनेटर टेड क्रूझ यांनी मुलाखतकार टकर कार्लसन यांच्याशी बोलताना सांगितले की संडे स्कूलमध्ये आपल्याला हे शिकवले गेले, इस्राएलला आशीर्वाद देणाऱ्याला आशीर्वाद मिळतो. हे बायबलात कुठे आहे, या प्रश्नावर त्यांना जागा सांगता आली नाही. इराणची लोकसंख्या किती, तेही सांगता आले नाही. त्या वचनात इस्राएल हा शब्दच नाही. तिथे एकटा अब्राम उभा आहे, घरदार सोडून निघालेला, आणि वचनाचा शेवट पृथ्वीवरच्या सर्व कुळांच्या आशीर्वादाने होतो. सुमारे नऊ कोटी माणसांच्या देशावर हल्ल्याचा विचार करणाऱ्याने निदान वचन तरी पुरे वाचावे.

त्याच आठवड्यात, १७ जूनला, ट्रम्प यांनी आपल्याला आलेला एक संदेश जगासमोर ठेवला. पाठवणारे माइक हकबी, इस्राएलमधले अमेरिकी राजदूत आणि दीक्षित बाप्टिस्ट पाळक. 'वेस्ट बँक असे काही नाहीच, यहूदा आणि शोमरोन आहे' असे, बायबलातली नावे घेऊन, सांगत आलेले. देवाने तुम्हाला पेन्सिल्वेनियात तुमच्यावर झाडलेल्या गोळीतून वाचवले ते कारणासाठी, तुम्हाला स्वर्गातून आवाज ऐकू येईल, आणि १९४५ मधल्या ट्रुमन यांच्यानंतर असा प्रसंग कुणावर आला नव्हता, असा त्याचा मथितार्थ. १९४५ मध्ये ट्रुमन यांच्यापुढे कोणता निर्णय होता ते सांगायची गरज नाही. पाच दिवसांत फोर्डो, नतान्झ आणि इस्फहान इथल्या इराणी अणुकेंद्रांवर अमेरिकी बॉम्ब पडले. ते या संदेशामुळे पडले असे मी म्हणत नाही; इराणचे युरेनियम, नेतन्याहू यांचा आग्रह, प्रादेशिक डावपेच हे सारे होते. पण राजदूताचे काम आपल्या सरकारला तिथली जमीन दाखवण्याचे असते. हा राजदूत आकाश दाखवत होता.

या श्रद्धेचे राजकारणातले खरे काम मला तरी असे दिसते: ती युद्ध सुरू करते असे नाही, ती थांबण्याची वाट बंद करते. तक्त्यानुसार ख्रिस्तविरोधक येतो तोच मुळी शांतीचा करार घेऊन, इस्राएलशी सात वर्षांचा. १९९५ पासून निघालेल्या आणि कोट्यवधी प्रती खपलेल्या एका अमेरिकी कादंबरीमालेत तो चक्क संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस होतो. ज्याच्या मनावर हे कोरले गेले आहे त्याला मध्यस्थी करणारा प्रत्येक माणूस संशयित वाटणार आणि जमिनीची वाटणी म्हणजे देवाच्या मालमत्तेचा सौदा वाटणार. सप्टेंबर २०२२ मध्ये टेक्सासातून विमानाने पाच तांबड्या कालवडी इस्राएलला नेल्या गेल्या. 'गणना' पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे त्या निर्दोष हव्यात, मानेवर कधी जू न चढलेल्या. त्यांची राख शुद्धीकरणाला लागते आणि शुद्धीकरणाशिवाय यरुशलेमात ज्यूंचे तिसरे मंदिर नाही. मंदिराची जागा तीच, जिथे आज अल-अक्सा मशिदीचे आवार आहे. गुरे पाळणाऱ्या आपल्या माणसांना हे चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल: अंगावर एखादा पांढरा केस निघतो का म्हणून कातडी चाचपून पाहणारी माणसे, आणि दावणीला उभे असलेले ते अजाण जनावर. जानेवारी २०२४ मध्ये हमासच्या प्रवक्त्याने गाझा युद्धाची कारणे सांगताना या कालवडींचाही उल्लेख केला. एकाचा तक्ता दुसऱ्याच्या भीतीला असा पुरावा पुरवतो.

आणि तिथे जे राहतात त्यांचे काय? बेथलेहेम, बेत जाला, बेत साहूर इथे ख्रिस्ती लोक शतकानुशतके राहत आले आहेत. त्यांची कुळे डार्बीच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून त्या टेकड्यांवर जैतून झोडपतात. तक्त्यात त्यांना जागाच नाही. २००६ मध्ये यरुशलेममधल्या लॅटिन, सिरियन, एपिस्कोपल आणि लुथेरन धर्मप्रमुखांनी एकत्र निवेदन काढून ही शिकवण खोटी आहे, ती प्रीती, न्याय आणि समेट यांच्या संदेशाला तडा देते असे म्हटले. अमेरिकेत किती जणांनी ते वाचले? २०२३ च्या नाताळात बेथलेहेमच्या लुथेरन चर्चमध्ये पास्टर मुन्थेर इसहाक यांनी गव्हाणीच्या जागी फुटलेल्या फरशा आणि दगडमातीचा ढीग रचला आणि त्यात बाळ येशूला काळ्या-पांढऱ्या कफियात, म्हणजे पॅलेस्टिनी रुमालात, गुंडाळून ठेवले. आमच्या मंडळीतल्या काही जणांनी तो फोटो पाहून मला विचारले, हे राजकारण कशाला? त्याच आठवड्यात आमच्या ग्रुपवर 'इराण आणि यहेज्केल ३८' असा मराठीत आवाज दिलेला व्हिडिओ फिरत होता. ते मात्र कुणाला राजकारण वाटले नाही.

मुद्दा ज्यूंचाही तितकाच आहे, आणि तिथे तर आपली माणसे आहेत. तक्त्यावर प्रेम असलेल्यांना बायबलातल्या जखऱ्याचा १३ वा अध्याय पाठ असतो: देशातले दोन भाग मरतील, तिसरा उरेल. मांडवातल्या त्या प्रचारकांनीही हे सांगितले होते, आवाज न चढवता, पावसाचा अंदाज सांगावा तसे. त्यांच्यासाठी ती संख्या होती. अश्दोद, रामला, लोद, दिमोना या इस्राएली गावांत आज बेने इस्राएल हे मराठी ज्यू राहतात, ज्यांचे आजे-पणजे अलिबाग-पेणच्या गावांत तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनिवार तेली म्हणवले जात. त्यांच्यापैकी कितीतरी घरांत अजून मराठी बोलली जाते. गाझातून रॉकेट सुटले की अश्दोदला भोंगा वाजतो आणि जिन्याखालच्या खोलीत म्हाताऱ्या बायका मराठीत एकमेकींना हाका मारतात. दोन भाग आणि तिसरा भाग यांत त्यांना कुठे बसवायचे?

हे लोकही वाट पाहणारेच आहेत. मशीहाच्या आधी एलियाहू संदेष्टा येणार, असे ज्यू परंपरा सांगते, आणि बेने इस्राएलांचे एलियाहूवर फार प्रेम. अलिबागजवळ खंडाळ्याच्या बाजूला एका कातळावर त्याच्या रथाची खूण उमटली आहे असे ते मानतात. लग्न ठरले, मूल झाले, नवस फेडायचा झाला की ते मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वर सुकामेवा आणि फळे. त्या ताटाभोवती बसून एलियाहूचे नाव घेतात, प्रसाद वाटतात आणि आपापल्या कामाला लागतात.